चीनची भिंत, पिसाचा मनोरा आणि आमच्या गणपतीतली प्रश्नमंजूषा

रामबागकर

मंडळी, मदत हवी आहे.

इंदुरात आमच्या गल्लीच्या गणपतीत सातव्या दिवशी मुलांची प्रश्नमंजूषा असते. दोन चमू, मध्ये सतरंजी, बझर म्हणून देवघरातली घंटा. विषय ठरलेला: जगातल्या प्रसिद्ध वास्तू, सण आणि चालीरीती. गेली अकरा वर्षं प्रश्न मीच काढतो, म्हणजे एका जुन्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून उतरवून घेतो. त्याचं कव्हर केव्हाच गेलंय, पहिल्या पानावर कुणीतरी मांजर काढलेलं आहे.

गेल्या वर्षी शेवटचा प्रश्न होता, 'चंद्रावरून दिसणारी एकमेव मानवनिर्मित वास्तू कोणती?' घंटा वाजली, सातवीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "काका, कुठलीच नाही." मी पुस्तकात बघितलं आणि चूक दिलं. समोरच्या चमूनं 'चीनची भिंत' सांगून पाच गुण घेतले आणि त्याच पाच गुणांनी कप नेला.

मुलगी रडली असती तर समजूत काढता आली असती. ती रडलीच नाही. दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर प्रसाद घेताना माझ्या हातात वहीचं चतकोर पान ठेवून गेली. त्यावर पेन्सिलीनं: 'चंद्र ३,८४,००० किमी. भिंत ५ मीटर रुंद. काका, आता तुम्हीच सांगा.' तिचे आजोबा आणि मी रोज सकाळी बरोबर फिरायला जायचो. वर्ष झालं, ते पलीकडच्या फुटपाथनं जातात.

तर यंदा असे प्रश्न सुचवा जे मुलांच्या मनात खरोखर येतात. कोण, कुठे, किती साली हे नको. 'का' आणि 'कसं' हवं. आणि उत्तर असं, की कुणाच्या आजोबांना फुटपाथ बदलावा लागू नये.

तिरसट_पुणेकर

ज्या प्रश्नात 'एकमेव' हा शब्द असतो तो प्रश्न जन्मतःच चुकलेला असतो. आणि अकरा वर्षं एकच पुस्तक? बाकीच्या दहा वर्षांच्या उत्तरांचं काय?

रामबागकर

पुणेकर, ते पुस्तक पुन्हा उघडायची छाती होत नाहीये.

खगोलवेडा

त्या मुलीला माझा दंडवत सांगा. तिचं गणित पुढे नेतो.

भिंत पाच मीटर, अंतर ३,८४,००० किलोमीटर. हेच प्रमाण माणसाच्या केसाला लावा. केसाची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात मोजतात, सात-आठ शतांश धरा. म्हणजे राजवाड्यावर उभं राहून साडेपाच किलोमीटरवरच्या माणसाच्या डोक्यावरचा एक केस दिसला पाहिजे. भिंत हजारो किलोमीटर लांब आहे म्हणून दिसेल, असं लोकांना वाटतं. अहो, केसही लांब असतोच की! दिसायला रुंदी लागते. शिवाय भिंतीचा रंग आजूबाजूच्या मातीदगडासारखाच.

गंमत अशी की ही कंडी माणूस अवकाशात जायच्या कितीतरी आधीची आहे. विल्यम स्टकली नावाच्या इंग्रज गृहस्थानं १७५४ साली एका पत्रात लिहून ठेवलं होतं की भिंत चंद्रावरून ओळखू येत असावी. चंद्रावर तेव्हा कोण जाऊन बघणार होतं? २००३ मध्ये चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई जाऊन आला, आणि 'मला भिंत दिसली नाही' असं त्यानं स्वतःच सांगितलं. तो तर चंद्राच्या मानानं पृथ्वीच्या अंगणातच होता, काहीशे किलोमीटरवर. त्या उंचीवरून रात्री शहरांचे दिवे झकास दिसतात. म्हणजे 'एकमेव'सुद्धा गेलं.

सराफ्यातला_उंदीर

राजवाड्यापासून साडेपाच किलोमीटर? तेवढ्यात वाटेत माझं तीनदा खाणं होतं. केस बिस कोण बघतो भिया.

निवृत्त_मास्तर

रामबागकर, पुस्तकातली बाकीची उत्तरं इथे टाकाच. आम्ही तपासून देतो. एकदाच काय ते होऊन जाऊ दे.

रामबागकर

बरं. डोळे मिटून चार टाकतो.

स्फिंक्सचं नाक नेपोलियनच्या तोफेनं उडवलं. ताजमहाल झाल्यावर शहाजहाननं कारागिरांचे हात तोडले. लंडनच्या घड्याळाला बिग बेन म्हणतात. पिरॅमिड गुलामांनी बांधले.

निवृत्त_मास्तर

चारही बाद!

नेपोलियन इजिप्तमध्ये गेला १७९८ साली. नॉर्डन नावाच्या डॅनिश माणसानं त्याच्या साठ वर्षं आधी, १७३७ मध्ये स्फिंक्सचं चित्र काढलं होतं, त्यात नाक नाहीच. हात तोडल्याचा उल्लेख त्या काळातल्या कुठल्याही कागदात सापडत नाही. आणि गिझाला पिरॅमिडच्या पायथ्याशीच कामगारांच्या कबरी निघाल्या, १९९० पासून. राजाच्या थडग्याला खेटून मानानं पुरलेली माणसं गुलाम कशी असतील? त्यांच्या वस्तीत भट्ट्या आणि जनावरांच्या हाडांचे ढीग सापडले. म्हणजे पाव आणि मटण पोटभर मिळत होतं.

चाळीस वर्षं शिकवलं. यातली दोन उत्तरं मीही वर्गात ठणकावून सांगितली आहेत. कुठली ते विचारू नका.

टेम्सकाठी

बिग बेन माझ्याकडे. दहा वर्षं लंडनला आहे, आणि इथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे समजावलेलं आहे.

बिग बेन हे आतल्या मोठ्या घंटेचं नाव. पावणेचौदा टनांच्या जवळपास वजन. मनोऱ्याचं नाव नुसतंच क्लॉक टॉवर होतं, २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर. पण अर्थात सगळे मनोऱ्यालाच बिग बेन म्हणतात, आम्हीही.

मुलांना विचारायचंच असेल तर हे विचारा: घड्याळ पुढे-मागे झालं तर दुरुस्त कसं करतात? उत्तर: लंबकाच्या वर जुनी पेनी नाणी रचून ठेवलेली असतात. एक नाणं वाढवलं की घड्याळ दिवसाला ०.४ सेकंद जलद चालतं, काढलं की तेवढंच हळू. नाणं वर ठेवल्यानं लंबकाचा गुरुत्वमध्य जरासा वर सरकतो, म्हणजे लंबक किंचित आखूड झाल्यासारखाच.

अवांतर: 'लंडन ब्रिज कुठे आहे?' हाही प्रश्न टाका. टेम्सवर आहेच, पण त्याच्या आधीचा, १८३१ चा पूल अमेरिकेतल्या ॲरिझोनात आहे. १९६८ साली एका उद्योगपतीनं विकत घेतला, दगडांवर आकडे घालून जहाजानं नेला आणि १९७१ मध्ये लेक हवासू सिटीत पुन्हा उभा केला. वाळवंटातल्या गावात लंडनचा पूल.

सराफ्यातला_उंदीर

आपल्या इंदूरच्या घंटाघराचंही तेच की. नाव गांधी हॉल, त्याआधी किंग एडवर्ड हॉल, १९०४ चं बांधकाम. आणि रिक्षावाल्याला काय सांगायचं? घंटाघर. लंडनवाले घंटेचं नाव मनोऱ्याला देतात, आपण घड्याळाचं नाव सभागृहाला.

रामबागची_मावशी

मला हे सगळं वाचून आमच्या माजघरातला बंब आठवला. सांगते का ते.

माझ्या नातवानं परवा विचारलं, आजी, अमेरिकेतला तो मशालवाला पुतळा हिरवा का रंगवलाय? मी म्हटलं, रंगवलेला नाही रे, तांब्याचा आहे. तो हसायला लागला, तांबं कुठे हिरवं असतं! त्याला माळ्यावर नेलं. बंब वीस वर्षं पडून आहे. तोटीभोवती, बुडाशी, जिथे जिथे पाणी साठून राहिलं तिथे तिथे अगदी त्या पुतळ्याचाच रंग. थोडी चिंच आणि मीठ घेऊन घासायला लावलं. दोन इंच जागा लाल लख्ख झाली तेव्हा त्याचा विश्वास बसला.

पण मग त्यानं विचारलं, त्या बाईला कुणी चिंच का लावत नाही? तिथे माझी विकेट गेली.

निवृत्त_मास्तर

मावशी, तुमचा नातू पुढे जाणार. १८८६ मध्ये पुतळा उभा राहिला तेव्हा नव्या पैशासारखा तांबूसच होता. वीसेक वर्षांत हिरवा पडला. १९०६ च्या सुमाराला रंग द्यायचं घाटत होतं, लोकांनी आरडाओरडा केला. बरंच झालं, कारण तो हिरवा थरच आतल्या तांब्याला सांभाळतो. पुतळ्याचा पत्रा जेमतेम अडीच मिलिमीटरचा आहे. दरवर्षी चिंच लावून घासला असता तर एव्हाना बाईंची चाळण झाली असती.

बंबात आपण पाणी तापवून आंघोळ करायचो, म्हणून घासायचो. तिच्यात कोण पाणी तापवतंय?

आणि आतला लोखंडी सांगाडा आयफेलचा, पॅरिसच्या मनोऱ्यावाल्याच आयफेलचा. तो मनोरा १८८९ चा. वीस वर्षांनी पाडायचा असंच ठरलं होतं. बिनतारी संदेशांसाठी उंच खांब म्हणून उपयोगी पडला आणि वाचला. उन्हाळ्यात लोखंड प्रसरण पावून पंधरा सेंटिमीटरपर्यंत उंच होतो. हा प्रश्न मुलांना हमखास आवडतो.

ग्वाल्हेरी

सगळे परदेशातच फिरणार का? आमच्या जयविलास महालातली झुंबरं घ्या. एकेक साडेतीन टनांचं. छत पेलेल की नाही हे बघायला छतावर हत्ती चढवले होते म्हणतात. प्रश्न: किती हत्ती?

तिरसट_पुणेकर

किती?

ग्वाल्हेरी

गाईड आठ म्हणतो.

शून्य_शंका

आम्हाला गाईडनं दहा सांगितले होते.

तिरसट_पुणेकर

झालं. रामबागकर, हा प्रश्न घेऊ नका. पुढच्या वर्षी दोन फुटपाथ लागतील.

ग्वाल्हेरी

बरं हत्ती राहू द्या. किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरातला शिलालेख घ्या, इसवी सन ८७६ चा. एका बागेची मापं दिली आहेत, १८७ हात बाय २७० हात. आणि देवाला रोज ५० हार. त्या २७० आणि ५० मधलं शून्य आज आपण काढतो तसंच, वाटोळं. इवलंसं देऊळ, येणारे बहुतेक न थांबता पुढे जातात. हे तरी निर्विवाद आहे ना?

शून्य_शंका

हे निर्विवाद. माझं सदस्यनामच त्यावरून आहे. फक्त 'जगातलं पहिलं शून्य' असं म्हणू नका, कंबोडियातला एक शिलालेख त्याहून जुना आहे. 'एकमेव'सारखाच 'पहिला' हाही घातक शब्द.

सराफ्यातला_उंदीर

पिसाचा मनोरा कुणीच घेतला नाही? माझी मुलगी विचारते, पडत का नाही. मी सांगितलं, पडला तर बघायला कोण जाणार, म्हणून.

निवृत्त_मास्तर

उंदीरराव, तुमचं उत्तर हिशोबानं बरोबर आहे, पण खरं कारण जास्त मजेदार आहे.

११७३ मध्ये काम सुरू झालं. तिसरा मजला चढेपर्यंत मनोरा खचायला लागला, कारण खाली मऊ चिकणमाती आणि पाया उथळ. तेवढ्यात लढाया सुरू झाल्या, काम बंद पडलं ते जवळजवळ शंभर वर्षं. आता कुणालाही वाटेल की काय हा अपशकुन. पण त्या शंभर वर्षांत खालची माती दबून घट्ट झाली. एका दमात बांधला असता तर तेव्हाच आडवा झाला असता. पुढे गवंड्यांनी वरचे मजले उलट्या बाजूला जरा झुकवून बांधले, त्यामुळे मनोरा नुसता कलता नाही, थोडा केळ्यासारखा वाकडा आहे.

पुरा व्हायला चौदावं शतक उजाडलं. १९९० मध्ये बंद केला तेव्हा कल साडेपाच अंश. इंजिनिअरांनी काय करावं? कललेल्या बाजूला टेकू नाही दिला. उलट बाजूची, उत्तरेची माती तिरप्या नळ्यांनी हळूहळू काढली. तिकडून जमीन खचली, मनोरा मागे आला. आता चार अंशांच्या आसपास. २००१ पासून लोक पुन्हा वर जातात. सरळ करणं हा हेतूच नव्हता, कारण सरळ मनोरा बघायला, उंदीररावांनी म्हटलंच आहे...

मुलांना प्रश्न असा द्या: कलता मनोरा सावरायला माती कुठल्या बाजूची काढाल? ताटात पाणी आणि ओली वाळू घेऊन करून दाखवता येतं.

रामबागची_मावशी

कलत्याचा विषय निघालाच आहे तर काशीचं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ बघा, मणिकर्णिकेला लागून. पिसापेक्षा जास्त कललंय आणि वर्षातले कित्येक महिने गाभारा पाण्यात. एक आख्यायिका अशी सांगतात की अहिल्याबाईंच्या रत्नाबाई नावाच्या दासीनं ते बांधलं आणि स्वतःचं नाव दिलं, म्हणून बाईंनी शाप दिला. मला ती कथा मुळीच पटत नाही. काशी विश्वनाथ उभं करून त्यावर स्वतःचा डंका न पिटणारी बाई असल्या कारणावरून शाप देईल होय?

तिरसट_पुणेकर

मावशींना +१. शाप नाही, गाळ. गंगेच्या काठी मऊ माती. पिसाचंच कारण.

झांकी

वास्तू पुष्कळ झाल्या, सणांकडे या. स्पेनमधल्या टोमॅटोच्या होळीचा प्रश्न इंदूरच्या मुलांना विचारायलाच हवा. बुन्योल गावात ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी टोमॅटो का मारतात? १९४५ मध्ये मिरवणुकीत पोरांची हाणामारी झाली, जवळ भाजीचं दुकान होतं, बस्स. पुढच्या वर्षी पोरं घरून टोमॅटो घेऊन आली. सरकारनं बंदी घातली तर १९५७ साली गावकऱ्यांनी टोमॅटोची अंत्ययात्रा काढली, चक्क शवपेटीत भला मोठा टोमॅटो, पुढे बँड. बंदी उठली.

नियम मात्र शिस्तीचे. टोमॅटो मारायच्या आधी हातानं चेपायचा, म्हणजे लागत नाही. तासाभरानं इशारा झाला की नंतर एकही मारायचा नाही. मग रस्ते धुतात, आणि टोमॅटोच्या आंबटपणामुळे फरशी लखलखते. मावशींच्या चिंचेसारखंच.

सराफ्यातला_उंदीर

तासाभरात संपते? मग ती होळी नाही, टिफिन ब्रेक आहे. आमच्या गेरला, रंगपंचमीच्या मिरवणुकीला या. टोरी कॉर्नरच्या गेरमध्ये एकदा मी राजवाड्यापर्यंत गेलो, गुलालाचे ढग चौथ्या मजल्याच्या वर. घरी आलो तर आईनं दार उघडून 'कोण पाहिजे?' विचारलं. थट्टा नाही, खरंच विचारलं.

टेम्सकाठी

अशाच रीतीत बसणारा आणखी एक: स्पेनमध्येच ३१ डिसेंबरला रात्री बाराच्या ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं खातात, ठोक्याला एक. मी करून बघितलंय. सातव्याला ठसका लागतो. बिया असतात.

झांकी

आणि मेक्सिकोचा मृतांचा दिवस, १ आणि २ नोव्हेंबर. घरी पितरांसाठी आवडीचे पदार्थ मांडतात, झेंडूची फुलं पसरतात. आपल्या सर्वपित्रीचा सख्खा भाऊ. पण मेक्सिको सिटीतली ती सांगाड्यांची प्रचंड मिरवणूक मात्र जुनी नाही. २०१५ च्या एका हॉलिवूडपटात ती दाखवली, लोक विचारायला लागले, म्हणून २०१६ पासून खरोखर सुरू केली.

आपल्याकडे पितृपक्षाच्या पंधरवड्यात माळव्यात मुली भिंतीवर शेणाची संजा काढतात. एकीकडे श्राद्धं, दुसरीकडे पोरींची गाणी. मला लहानपणी पितृपक्ष म्हणजे मज्जेचा महिना वाटायचा.

शून्य_शंका

माझ्या भाच्याचा प्रश्न: नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरला, मग ईस्टर का पळतो? आणि रमजान तर कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत?

खगोलवेडा

हा माझा आवडता. जरा बसून वाचा.

ईस्टर म्हणजे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणजे सूर्य, चंद्र आणि वार तिन्ही जुळवायचे. त्यामुळे २२ मार्च ते २५ एप्रिलमध्ये कुठेही पडतो. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, आपले सण असेच पळतात.

रमजानचं वेगळं. बारा चांद्रमास म्हणजे ३५४ दिवस. दरवर्षी अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. आपलंही चांद्रवर्ष ३५४ चंच, पण ते अकरा दिवस साठवून आपण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालतो. म्हणून गणपती कधी जूनमध्ये येत नाही. ज्यूंचंही असंच, १९ वर्षांत सात अधिक महिने. चिनी लोकही अधिक महिना धरतात, फक्त जावयाला वाण देत नाहीत.

रशियात नाताळ ७ जानेवारीला का? तिथलं चर्च जुनं ज्युलियन पंचांग वापरतं, ते १३ दिवस मागे आहे. त्यांच्याकडे २५ डिसेंबरच असतो, आपल्याकडे ७ जानेवारी. २१०१ पासून तो ८ जानेवारीला येईल.

बडोद्याची_सून

मी इंदूरची, दिली बडोद्याला. आमच्याकडे उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण. दोन दिवस माणसं गच्चीवरून उतरत नाहीत, जेवणही वरच. माझा मुलगा विचारतो, भूगोलात लिहिलंय सूर्य २२ डिसेंबरला उत्तरेकडे वळतो, मग आपण तीन आठवडे कशाची वाट बघतो?

खगोलवेडा

तुमचा मुलगा बरोबर, भूगोलही बरोबर, आणि पतंगही बरोबर. आपण संक्रांत धरतो ती सूर्य मकर राशीत शिरतो तेव्हाची, ताऱ्यांच्या हिशोबानं. ऋतू चालतात ते पृथ्वीच्या कललेल्या आसावर, आणि तो आस भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो. ताऱ्यांचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीसेक मिनिटांनी मोठं. सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवसाचा फरक. कधीकाळी दोन्ही एकाच दिवशी होतं, आता इतकं लांब आलं.

पुरावा हवा? स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. आता १४ किंवा १५ ला येते.

बडोद्याची_सून

मुलाला वाचून दाखवलं. म्हणाला, म्हणजे मग उत्तरायण मे महिन्यात जाणार, वारा कुठून आणायचा? त्याची काळजी खरी आहे.

तिरसट_पुणेकर

त्याला अजून आठ-नऊ हजार वर्षं आहेत. मांजा जपून ठेव म्हणावं.

रामबागकर

मंडळी, खजिना दिलात. माती कुठल्या बाजूची काढायची, पेनीचं नाणं, तांब्याचा पुतळा, टोमॅटो, रशियाचा नाताळ सगळं घेतलं. शेवटचा प्रश्न मात्र मी स्थानिक ठेवणार आहे, साधा, घरातला. रंगपंचमी मराठी माणसाला आणि इंदूरकराला वेगळी शिकवावी लागत नाही. तिथे तरी भांडण होणार नाही.

निवृत्त_मास्तर

चमू कुठले आहेत यंदा?

रामबागकर

एक आमच्या गल्लीचा, एक मागच्या कॉलनीतला. ते हिंदीभाषक आहेत, पण दरवर्षी हौसेनं येतात. मोदकांसाठीही.

निवृत्त_मास्तर

हं. बघा बुवा.

(बारा दिवसांनंतर)

रामबागकर

झाली एकदाची. वृत्तांत देतो, जोडीला कबुलीजबाबही.

आधी चांगलं. गेल्या वर्षीची ती मुलगी आता आठवीत. तिला यंदा परीक्षकाच्या खुर्चीत बसवलं, घंटा तिच्याकडे. प्रश्न आधी तिनं तपासले. ग्वाल्हेरचे हत्ती तिनं न सांगताच काढून टाकले. सुरुवातीला मी माइकवरून सांगितलं की मागच्या वर्षीचं माझं उत्तर चूक होतं, आणि केसाचं गणित वाचून दाखवलं. एका लहानग्यानं लगेच स्वतःचा केस उपटून सतरंजीच्या टोकाला नेऊन धरला. तिथूनही कुणाला दिसला नाही.

पिसाच्या प्रश्नाला परात, ओली वाळू आणि गव्हाच्या पिठाचा रिकामा डबा. मागच्या कॉलनीतल्या मुलानं बरोबर बाजूची वाळू चमच्यानं काढली, डबा सरळ होत आला, टाळ्या पडल्या. मग त्यानं आणखी एक चमचा काढला आणि डबा दुसरीकडे आडवा झाला. इटलीवाल्यांनी हा चमचा काढला नाही हे किती बरं.

आता शेवटचा प्रश्न. गुण समसमान. मी विचारलं, 'रंगपंचमी कुठल्या महिन्यात येते?' आमची पोरं: फाल्गुन. मागच्या कॉलनीची: चैत्र. मी 'फाल्गुन बरो...' म्हणेपर्यंत तिकडचे एक आजोबा उभे राहिले. खिशातून पंचांग! चैत्र कृष्ण पंचमी, छापलेलं. इकडून आमच्या वहिनींनी भिंतीवरची दिनदर्शिका काढून आणली, फाल्गुन वद्य पंचमी, तीही छापलेली. पुढची दहा मिनिटं गणपतीसमोर जे झालं ते लिहीत नाही.

खगोलवेडा

अरे देवा! दोन्ही बरोबर. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोघांच्या महिन्याचं नाव एकच, वद्य पक्षात त्यांचं एक पुढे. दिवस तोच, फक्त पाटी वेगळी. महाशिवरात्र आपली माघात, त्यांची फाल्गुनात. गोकुळाष्टमी आपली श्रावणात, त्यांची भाद्रपदात.

रामबागची_मावशी

इंदुरात जन्म काढला आणि हा प्रश्न विचारलात रामबागकर? आमच्या शेजारणीचे सावन सोमवार पंधरा दिवस आधी सुरू होतात. तिचे संपतात तेव्हा माझे निम्मे उरलेले असतात. महिना-दीड महिना दोघींपैकी एकीकडे तरी साबुदाणा भिजलेला असतोच. उज्जैनला महाकाळाच्या सवाऱ्याही सावन संपल्यावर भादोतल्या सोमवारी निघतात, म्हणजे आपला श्रावण आत आलाच ना.

बडोद्याची_सून

आणि बडोद्याला महिने आपल्यासारखेच, पण वर्ष दिवाळीच्या पाडव्याला बदलतं. माझ्या घरात तीन नवी वर्षं होतात. गोड तीनदा.

निवृत्त_मास्तर

मी 'हं' म्हटलं होतं.

रामबागकर

हो मास्तर, तो 'हं' आता समजला. निकाल मी दिलाच नाही. त्या मुलीनं घंटा वाजवली, सगळे गप्प झाले, आणि तिनं दोन्ही चमूंना पाच पाच गुण दिले. म्हणाली, "पौर्णिमेच्या आधीचा सण विचारला असता तर एकच उत्तर आलं असतं." पंचांगवाले आजोबा आधी हसले. पाठोपाठ तिचे आजोबा. आज सकाळी फिरायला निघालो तर ते फाटकाशी उभे होते. चंद्राबद्दल काही बोलले नाहीत. पोहे खाऊया म्हणाले.

तिरसट_पुणेकर

ते ठीक. कप कुणाला मिळाला?

रामबागकर

बरोबरी. सहा महिने आमच्या गल्लीत, सहा महिने मागच्या कॉलनीत. पण पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे. तेराव्या महिन्यात कप कुणाकडे, यावर उद्या आरतीनंतर बैठक ठेवली आहे.